मैनाबायची लेक

महिपतने गडग्याचा पहिला दगड हलवला तो नवरात्र बसलं त्या आठवड्यात. निशिगंधाने मागल्या दारातून ते पाहिलं. ती भांडी घासत होती. राखेने भरलेला हात तसाच धरून ती उभी राहिली, आणि महिपतने वर बघितल्यावर पटकन आत सरली.

गडगा म्हणजे नुसते जांभ्या दगडाचे तुकडे, एकावर एक रचलेले, कमरेइतके उंच. मध्ये ना माती ना चुना. अलीकडे केरूची काजूची झाडं, पलीकडे महिपतचं परसू. दोघं एकाच भावकीतले, गडगा दोघांच्या बापांनी मिळून घातलेला. महिपतचा मुलगा संदेश मुंबईला होता. यंदा त्याने गाडी घेतली होती आणि ती थेट मागल्या पडवीपर्यंत यावी असं त्याच्या मनात होतं. त्याला दोन हात जागा कमी पडत होती.

निशिगंधाचा बाप केरू उजाडताच मळ्यात जायचा. हळवं भात पिवळं होऊन कलंडलं होतं, दुपारी ढग दाटून यायचे, आणि कापणीला माणूस मिळत नव्हतं. बाप गेला की महिपत पहार घेऊन यायचा. चार-पाच दगड काढायचा, अलीकडे रचायचा, वरून शेवाळ चोळायचा. गडगा जुना दिसावा म्हणून. निशिगंधा चुलीपाशी बसून दगडावर दगड टेकल्याचा आवाज ऐकत राहायची. बापाला सांगितलं तर बाप कोयती घेऊन धावेल. नाही सांगितलं तर शिमग्यापर्यंत गडगा काजूच्या बुंध्याला येऊन टेकेल. तिला दोन्हीची भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त महिपतच्या आवाजाची.

आई असती तर हे झालंच नसतं.

मैना भांडखोर नव्हती. वाडीतल्या अंगणवाडीत मदतनीस होती, पोरांना खिचडी रांधून घालायची, त्यांची नाकं पुसायची. पण कुणाला कळा लागल्या, कुणाला साप डसून पान लागलं, कुणी माडावरून पडलं, की पहिली हाक मैनाबायला. रस्ता नव्हता तेव्हा ती डोलीबरोबर चालत गेली. रस्ता झाल्यावर रिक्षात पेशंटचं डोकं मांडीवर घेऊन बसली. महिपतची बायको तुळसा संदेशच्या वेळी अडली, तेव्हा भर आषाढात नदी उतरून तिला नेणारी मैनाच. घरी आली की तिच्या अंगाला डेटॉलचा वास यायचा. निशिगंधा लहानपणी त्या वासानेच ओळखायची, की आज कुणीतरी वाचलं किंवा कुणीतरी गेलं.

गेल्या वर्षीच्या श्रावणात लावणी उरकल्यावर मैनाला ताप आला. म्हणाली, "चिखलातला ताप हाय, जाईल." दुसऱ्या कुणाच्या तापाला ती असं कधी म्हणाली नव्हती. लेप्टो निघाला. रत्नागिरीला नेईपर्यंत तिचे डोळे हळदीसारखे झाले होते. खांदा द्यायला सगळी वाडी लोटली. महिपतनेही दिला. आणि वर्षश्राद्ध झाल्यावर त्याची नजर गडग्यावर गेली.

निशिगंधा आईसारखी नव्हती. ती पालीला भ्यायची, विजेला भ्यायची, मोठ्याने बोलणाऱ्या माणसाला भ्यायची. बाया तिच्या तोंडावर म्हणायच्या, "मैनाबायच्या पोटी ही कुठली गो आली?"

अशाच एका दुपारी दगडाचा आवाज आला, मग पहार पडल्याचा, आणि मग महिपतचा. तो ओरडला नाही. श्वास आत ओढल्यासारखं "आय गो" म्हणाला, एवढंच.

निशिगंधा दारात आली. महिपत गडग्याला टेकून बसला होता. उजवा हात डाव्या हाताने मनगटाशी धरलेला. आणि त्याच्या पायापासून वीतभर अंतरावर, उन्हात, फुरसं वेटोळं करून अंग अंगावर घासत होतं. तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा तो आवाज तिने ओळखला. आत जाऊन कडी लावावी, असं तिला खरोखर वाटलं.

"काका, पाय वर घ्या," ती म्हणाली. आवाज फुटलाच नाही. तिने पुन्हा म्हटलं. महिपतने पाय ओढून घेतले. फुरसं दगडांत सरकलं आणि दिसेनासं झालं.

ती गडग्याला लांबून वळसा घालून, पुढच्या वाटेने त्याच्या परसात शिरली. तोवर तुळसा धावत आली होती. महिपतच्या अंगठ्याजवळ दोन टिंबं होती, त्यातून पाण्यासारखं रक्त येत होतं. हात सुजायला लागला होता.

"अवो, काय झालं? पान लागलं?" तुळसाने कपाळ बडवलं. "गुरवआण्णांना बोलवते. मुळी उगाळून देतील."

"आण्णांलाच बोलव," महिपत म्हणाला. तोंड राखेसारखं झालं होतं. "आणि हिला घालव हितून. हिनंच कायतरी केलंन."

निशिगंधा उभी राहिली. जावं. त्यानेच सांगितलंय, जा म्हणून. मेला तर गुरवआण्णांच्या मुळीने मेला. पण तिची नजर त्याच्या बोटावर होती. तांब्याची अंगठी सुजलेल्या मांसात रुतत चालली होती, बोटाचं टोक काळसर दिसत होतं. आई सगळ्यात आधी बांगड्या आणि अंगठ्या काढायची. बाया ओरडायच्या, नवीन भरलेल्या बांगड्या हायत, आणि ती तोंडातून शब्द न काढता फोडायची.

"काकी, खोबरेल आणा."

"कशाला?"

"आणा तुम्ही."

तुळसाने बाटली आणली. निशिगंधाने महिपतचा हात आपल्या मांडीवर घेतला. या हाताला ती कधी शिवली नव्हती. जाड, घट्टे पडलेला, आता गरम. तिने तेल ओतलं आणि अंगठी फिरवायला लागली. महिपत कळवळला, त्याने शिवी दिली. तिचे हात एवढे थरथरत होते की अंगठी निसटायची. शेवटी ती कातडं सोलून निघाली. त्या ओरखड्यातूनही रक्त आलं आणि थांबेना.

ते न थांबणारं रक्त पाहून तिला कळलं की आता मुळीने भागायचं नाही.

"काकी, दवाखान्यात न्यायला पायजे. आत्ता."

वाडीत फोनला रेंज नव्हती. वाडीची एकमेव जीप आठवडी बाजाराला गेली होती, ती दिवेलागणीला येणार. केरू खालच्या मळ्यात, हाकेच्या पलीकडे. राहिली निशिगंधाची स्कूटी. काजूच्या कारखान्यात हंगामापुरतं जायला तिने हप्त्यांवर घेतली होती, आणि तिच्यावर आजवर मागे कुणाला बसवलं नव्हतं. भीती वाटायची.

"स्कूटीवर?" तुळसा म्हणाली. "मी जल्मात बसले नाय."

"तुम्ही मागे बसा. काका मध्ये. त्यांना धरून बसा, बस्स."

पान लागलेल्याला चालू द्यायचं नाही, हे तिला आठवत होतं. दोघींनी त्याला खुर्चीत बसवून, खुर्चीसकट उचलून रस्त्यापर्यंत आणला. तुळसा हुंदके देत होती. निशिगंधाने त्याच्या हाताला एक फळकूट लावलं आणि वर पंचा सैल गुंडाळला. मग तुळसाची जुनी साडी घेऊन त्याला आपल्या पाठीशी बांधला, पोराला बांधतात तसा. त्याची छाती तिच्या पाठीला लागली. घामाचा आणि तंबाखूचा वास आला.

वाडीतून उतरणारा रस्ता पावसाने उखडला होता. दोन्ही पाय जमिनीला टेकवत ती स्कूटी खाली घेत गेली. प्रत्येक खड्ड्याला तुळसा "आई गोऽ" म्हणायची. नदीवरच्या साकवावरून, त्या बुटक्या पुलावरून, अजून पाणी वाहत होतं, घोट्याएवढं, पण खाली शेवाळ. मधोमध मागचं चाक सरकलं. निशिगंधाने श्वास धरला, डोळे मिटायचे होते ते मिटले नाहीत, आणि गाडी कशी सावरली ते तिला कळलं नाही.

डोंगरमाथ्याच्या सड्यावर आल्यावर रस्ता सरळ झाला. दोन्ही बाजूला काळा कातळ आणि पिवळं पडत चाललेलं गवत, वर दाटलेलं आभाळ. लांब कुठेतरी गडगडलं. तेवढ्यात महिपतचं डोकं तिच्या खांद्यावर पडलं.

"काकी, काका बोलतायत?"

"नाय गो! डोळे मिटलेनी! अवो! अवो!"

त्याचं सगळं वजन एका बाजूला झुकलं आणि गाडी वाकडी झाली. हा जर लोंबकळला तर तिघंही कातळावर. मग मैनाबायच्या लेकीने मारलं, असं संदेश म्हणेल, वाडी म्हणेल, जन्मभर म्हणेल. आई रिक्षात पेशंटशी सारखी बोलत असायची. पोरं किती, गाय कितीला घेतलीत, जावई काय करतो. झोपू द्यायची नाही. निशिगंधाने तोंड उघडलं. महिपतशी बोलायला तिच्यापाशी काहीच नव्हतं. एकच गोष्ट होती.

"काका, गडग्याचे किती दगड सरकवलेत?"

डोकं खांद्यावर तसंच लोंबत होतं.

"काका! मी विचारतेय! माझ्या आज्याने घातलेला गडगा तो! रोज दुपारी चोरासारखे येता! मला दिसत नाही असं वाटतं?"

"गप गो," तुळसा मागून रडली. "मरतोय तो मानूस."

"मरू दे! पण आधी सांगा, किती दगड? शेवाळ लावता वरून! लाज नाही वाटत?"

तिचा आवाज तिलाच ओळखू येत नव्हता. घशातून किंचाळी निघत होती आणि तिच्या मागून रडू. खांद्यावरचं डोकं हललं.

"तुज्या... आज्यानं..." महिपत पुटपुटला.

"काय? मोठ्याने!"

"तुज्या आज्यानंच आमची जागा खाल्लीन. दोन हात."

"खोटं! आय होती तेव्हा का नाही बोललात?"

"तुजी आयस असताना..." तो दमला, श्वास घेतला. "गाडी सरळ चालव आधी. आपटशील आमाला."

"मग सरळ बसा! आय असताना काय?"

"असताना नाय बोललो, नाय बोललो! माझी मर्जी!"

"म्हणजे जागा आमचीच!"

"तुमची नाय!"

असे ते सडाभर भांडत गेले. थेंब पडायला लागले तरी भांडत होते. तो गप्प झाला की ती नवीन काहीतरी उकरून काढायची: फणसाची फांदी, पाटाचं पाणी, शिमग्याला पालखी आधी कुणाच्या अंगणात. तो शिव्या देत उत्तर द्यायचा. मागे तुळसा दोन्ही हातांनी नवऱ्याला आवळून, डोळे घट्ट मिटून बसली होती.

दवाखान्याच्या पायरीशी गाडी थांबवली तेव्हा निशिगंधाला साडीची गाठ सोडवता येईना. बोटं वळली नाहीत. वॉर्डबॉयने ती कात्रीने कापली. महिपतला स्ट्रेचरवर घेतल्यावर तिला जाणवलं की आपला डावा खांदा ओला आहे. पाऊस वाटला होता. हात लावून पाहिला तर लाल. त्याच्या हिरड्यांतून रक्त येत होतं, इतका वेळ, भांडताना.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी महिपतचं रक्त एका काचेच्या नळीत घेतलं आणि नळी खिडकीत उभी करून ठेवली. "वीस मिनिटं कुणी हात लावू नका. गोठलं तर ठीक."

"आणि नाय गोठलं तर?" तुळसाने विचारलं.

"तर विष अंगात पसरलंय. लस द्यायला लागेल. चावलं कुठे? काय करत होते?"

महिपतने तोंड भिंतीकडे केलं. निशिगंधा फरशीकडे बघत राहिली.

"दुसऱ्याची जमीन ढापत होते," तुळसा म्हणाली. तिचा पदर ओला होता, केस सुटले होते, आणि ती आता रडत नव्हती. "गडग्यात हात घालून."

डॉक्टरीणबाईंनी वर बघितलं नाही. "बरं. किती वाजता?"

नळीतलं रक्त गोठलं नाही. बाईंनी ती आडवी केली, ते पाण्यासारखं वाहिलं. मग लस लावली, आणि थोड्या वेळाने महिपतला अशी हुडहुडी भरली की खाट खडखडायला लागली. नर्सने धावत येऊन इंजेक्शन दिलं. निशिगंधाला बाहेर जायचं होतं, पण महिपतच्या डाव्या हाताने तिची ओढणी पकडली होती, ती सोडेना. त्याच्या डोळ्यांत तिने कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. म्हातारं झालेलं पोर असावं तसं.

"निशे, मी जातोय काय गो?"

आई अशा वेळी काय म्हणायची, ते तिला आठवेना. तिने खूप शोधलं. "मला ठाऊक नाही, काका," ती म्हणाली. "पण मी हितंच आहे."

संध्याकाळी संदेशचा फोन लागला. "निशे, बाबांना काय झालं ना, तर तुला आणि तुझ्या बापाला बघून घेईन. गडग्यावरून तुमचंच काय तरी असणार." ती ऐकत राहिली. तुळसाने तिच्या हातातून फोन काढून घेतला. "तू जल्मलास तेव्हा नदीत कोण उतरली होती ते तुला सांगितलंय ना मी? मग ठेव फोन. आणि गाडी तिकडंच ठेव तुजी, मुंबैत."

रात्र बाकावर गेली. बाजारातून परतणाऱ्या जीपवाल्याला सगळं सांगून तुळसाने केरूला निरोप धाडला होता. सकाळी पुन्हा नळीत रक्त घेतलं. या वेळी निशिगंधा खिडकीपाशी जाऊन उभी राहिली आणि नळीकडे बघत राहिली, देवाकडे बघावं तशी. बाईंनी नळी आडवी केली. रक्त जागचं हललं नाही. तळाला घट्ट बसून राहिलं.

महिपतचा हात कोपरापर्यंत सुजलेला, काळानिळा. त्याने डोळे उघडून तिला पाहिलं. माफी मागेल, असं तुळसाला वाटत असावं, ती थांबून बघत होती. त्याने मागितली नाही.

"केरूला सांग, त्या गडग्यात हात घालू नको. जनावर आतच हाय," तो म्हणाला. मग सुजलेल्या हाताकडे बघून, "हात धड झाला की त्या दगडांचं मी बघतो काय ते."

एवढंच. ती स्कूटी काढून घरी निघाली.

सड्यावर ऊन पडलं होतं. काल जिथे भांडण सुरू झालं त्याच्या जरा पुढे तिला गाडी थांबवावी लागली. अंग थंडी भरल्यासारखं कापत होतं. ती कातळावर बसली, गुडघ्यांत डोकं घालून. आता कुणी मरत नव्हतं, कुणी रागे भरत नव्हतं, तरी भीती जाईना. उलट आता ती सगळी मिळून अंगावर आली होती: फुरसं, साकव, खांद्यावरचं रक्त. आईने हे किती वेळा केलं असेल? आणि घरी येऊन तिने पेज रांधली, लेकीच्या वेण्या घातल्या, हसली. आपण एकदाच केलं आणि रस्त्यात बसलोय. खरंच, ही मैनाबायच्या पोटी कुठली आली?

घरी केरू पायरीवर बसला होता. मळ्यात गेला नव्हता. तिला बघून उठला.

"हाय ना?" त्याने विचारलं.

"हाय. वाचले."

"गडग्याचं जीपवाल्यानं सांगितलंन सगळं. मना का नाय बोललीस?"

ती उत्तर द्यायला गेली आणि तोंडाला हात लावून मागल्या दारी धावली. केळीच्या बुडाशी वाकली. पोटात काल दुपारपासून काही नव्हतं, नुसतं पिवळं पाणी येत राहिलं. डोळ्यांतून धारा, नाकातून धारा. मागून केरू आला. त्याने एका हाताने तिचे केस मागे धरले आणि दुसऱ्या हाताने पाण्याचा तांब्या पुढे केला. तो घाबरला नव्हता, गोंधळलाही नव्हता. सवयीचं काम करावं तसा उभा होता.

"मी आयसारखी नाय, बाबा," ती ओकतानाच म्हणाली. "माझ्यानं नाय होत."

"आयसारखीच हायस," केरू म्हणाला. "ती पन हितंच ओकायची."

तिने मान वळवून पाहिलं.

"दर वेळेला," केरू म्हणाला. "तुळसाच्या वेळचं तर इचारू नको. नदीतून आली ती दोन दिस थरथरत होती. गोधडीत घेऊन बसायचो. कोनाची हाक आली की आधी मागल्या दारी येऊन हात जोडायची, देवा आज मना नको. आनि मग पदर खोचून जायची. मी म्हनायचो, नको जाऊस, एवढी भितेस तर. तर म्हनायची, तो मानूस माज्याहून जास्त भ्यालाय." त्याने तांब्या खाली ठेवला. "तुला कळू द्यायची नाय. निशीला सांगू नका, म्हनायची, ती आधीच भित्री हाय."

तिला पुन्हा उमळून आलं.

"येऊ दे," केरू म्हणाला, आणि केस नीट धरले. "येऊ दे सगळं. मी हाय उभा."